आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचे देणे आणि गाणे

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून महिना लोटतो न लोटतो तोच आमच्या बांद्याच्या बाजारात दुसरे कंदील टांगलेले दिसू लागतात. हे चांदणीच्या आकाराचे असतात, आणि ते पाहिले म्हणजे नाताळ जवळ आला असे आम्ही समजतो. आमचा गाव तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या अगदी उंबरठ्यावर वसलेला. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. त्यामुळे ख्रिस्ती शेजार हा आम्हास लहानपणापासून अंगवळणी पडलेला. त्यांच्या घरची नेवऱ्या-दोदोलांची ताटे आमच्या घरी यावीत आणि आमच्या घरचे चतुर्थीचे मोदक त्यांच्या घरी जावेत, हा क्रम कोणी लावून दिला हे कोणासच सांगता यावयाचे नाही.

ख्रिस्ती मंडळीतील उदार दान आणि मनापासूनची उपासना या विषयावर मी बोलावे, असे नभोवाणीच्या चालकांनी सुचविले तेव्हा मी थोडा बिचकलो. मी ख्रिस्ती नव्हे. धर्मशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिरलो आणि मुलांना पाढे व पंचवीस ओळी शुद्धलेखन घालता घालताच सेवानिवृत्त झालो. तथापि नकार द्यावा असेही वाटेना. कारण या विषयातील एक जुने देणे मजकडे राहून गेले आहे. ते कोणते हे पुढे ओघाने येईलच.

ख्रिस्ती धर्मग्रंथात दानाच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांतील गरीब विधवेची कथा सर्वांच्या ऐकण्यातील आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर येशू बसला होता. मोठमोठे लोक येऊन आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकीत होते, आणि त्यांतच एका निर्धन बाईने दोन हलक्या किमतीची नाणी टाकली. तिचे दान सर्वांत मोठे, असा येशूने निवाडा दिला. अंकगणित शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास हा हिशेब प्रथम चुकीचाच वाटला होता. दोन पैसे शंभर रुपयांहून अधिक कसे होतील? पण किती दिले हे न मोजता दिल्यावर मागे किती उरले हे मोजावयाचे, असे ठरविले की उत्तर बरोबर येते. धनिकांच्या मागे वाडे उरले होते; तिच्या मागे काहीच उरले नव्हते.

दुसरी कथा तितकीशी प्रसिद्ध नाही, परंतु मला ती अधिक मोलाची वाटते. दाविद राजाच्या राज्यात महामारी पसरली. ती शमावी म्हणून एका विशिष्ट जागी वेदी बांधून होम करावा अशी त्यास आज्ञा झाली. ती जागा म्हणजे अरवना नावाच्या एका माणसाचे धान्य मळण्याचे खळे होते. प्रत्यक्ष राजा दारी आलेला पाहून तो बिचारा म्हणाला की, खळे घ्या, बैल घ्या, सरपणास औतांची लाकडेही घ्या, मला काही नको. कोणी दुसरा राजा असता तर त्याने हे हसतमुखाने पत्करले असते आणि वर अरवनाला एखादी पदवी दिली असती. दाविदाने मात्र नाकारले. ज्याची मला झळ लागली नाही ते मी देवाला कसे वाहू, असा त्याचा प्रश्न होता. त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून खळे व बैल विकत घेतले आणि मगच होम केला. देणारा एक आणि झळ सोसणारा दुसराच, असे पुष्कळ वेळा घडते, हे त्या राजाला कळले होते. आपणांस ते कळावयास वेळ लागतो. मला तर फारच लागला.

ख्रिस्ती मंडळीचा आरंभीचा इतिहास पाहिला तर त्यातही वर्गणी आहेच. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने ग्रीस व मासेदोनिया या प्रांतांतील मंडळ्यांकडून मदत गोळा केली. मासेदोनियातील लोक स्वतःच हलाखीत होते, तरीही आम्हास यातून वगळू नका अशी त्यांनी गळ घातली, असे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच करिंथकरांना त्याची सूचना अशी की, मी आल्यावर धावपळ नको. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही घरीच वेगळे काढून ठेवावे. सूचना अगदी घरगुती आहे. यात व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत.

या घरगुती सूचनेचे एक सुंदर रूप आपल्या देशाच्या ईशान्य टोकास, मिझोराममध्ये पाहावयास मिळते. तेथील ख्रिस्ती स्त्रियांनी सुमारे १९१० पासून एक रीत पाडली. स्वयंपाकास तांदूळ घेताना त्यांतील एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकावयाची. असे साठलेले तांदूळ मंडळीकडे जातात, ते विकून पैसा उभा राहतो, आणि त्यावर धर्मकार्य चालते. ही रीत आजही चालू आहे. आपणां मराठी लोकांना यात परके काही वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्यावर वसतिगृहांतील मुले जगविली, आणि पैसा फंडाने माणशी एक पैसा गोळा करून तळेगावास काचेचा कारखाना काढला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मूठभर तांदूळ देणाऱ्या बाईचे नाव कोठेही लागत नाही. ते लावावयाचे म्हटले तरी लावणार किती ठिकाणी?

आता उपासनेकडे वळतो. दान व उपासना हे दोन विषय निराळे आहेत असे मी पूर्वी समजत असे. पण मनुष्याजवळ देण्यासारखे पैशाहून जवळचे असे एक आहे. ते म्हणजे त्याची वाणी. देवापुढे आपण उसन्या शब्दांनी उभे राहतो की स्वतःच्या, हा प्रश्न दानाच्याच जातीचा आहे.

आमच्या दाराशी असलेल्या गोव्यातच याचे फार मोठे उदाहरण घडले. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच मरण पावला. मधल्या ४० वर्षांत त्याने येथील लोकांची भाषा अशी काही आत्मसात केली की, पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून रोमन लिपीत छापावे लागले. रविवारी व सणावारी चर्चमध्ये ते गाऊन वाचीत. कल्पना करा, श्रोतेहो! लॅटिन मंत्रांचा अर्थ ज्यांस कळत नव्हता त्या शेतकरी बायाबापड्यांच्या कानी आपल्या ज्ञानेश्वर-एकनाथांच्या घाटाची ओवी पडत होती. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या प्रसिद्धच आहेत. येथे त्या म्हणून दाखविण्याचा मोह मी आवरतो.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ते वाचले कसे? गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने नकलून जवळ ठेवले होते. त्या हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते रोमन लिपीत पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणिले. ज्यांनी दिव्याच्या उजेडात हजारो ओव्या नकलल्या त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ती पोथी नकलणे हीदेखील एक प्रकारची मूठच होती.

रोमन कॅथलिक पंथातून आता प्रॉटेस्टंट मंडळीकडे आणि किनाऱ्यावरून घाटावर चलावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या कोकणचेच. १८६१ साली, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार वाचून त्यांचे मन फिरले, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे कर्मक्षेत्र अहमदनगर झाले. तत्पूर्वी मिशनच्या मंडळ्यांत पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर, भाषांतराच्या वळणाची म्हटली जात. टिळकांनी त्या उपासनेत अभंग आणिला, भजन आणिले, टाळ आणि मृदंग आणिले; नारदीय थाटाच्या ख्रिस्ती कीर्तनास जोर दिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा आशयाचे ते बोलत. त्यांची गीते आज शंभराहून अधिक वर्षे मराठी ख्रिस्ती मंडळ्या गात आहेत. नगरकडच्या एखाद्या खेड्यात रविवारी सकाळी देवळाबाहेर उभे राहावे आणि आत हे गीत चालू असावे, तर आत विठोबा आहे की येशू आहे हे शब्द ऐकू येईपर्यंत परक्यास समजू नये.

या पुरुषाने देण्याचीही कमाल केली. घरी विद्यार्थी, अनाथ मुले, पाहुणे यांची वर्दळ कधी थांबली नाही. बालकवी ठोमरे हे त्याच घरात पुत्रवत् राहिले. शेवटी १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार घेणे बंद केले आणि 'देवाचा दरबार' नावाची संस्था आरंभिली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. परदेशच्या पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या पायांवर कधी उभी राहावयाची, ही त्यांची तळमळ होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले.

येथवर टिळकांचे चरित्र वाचले म्हणजे माणूस भारावून जातो. मीही गेलो होतो. नंतर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' हाती आली आणि भारावलेपण थोडे उतरले. त्यामुळे टिळक लहान झाले असे नव्हे, पण त्या घरातील दुसरे माणूस दिसू लागले. पगार सोडणारा सोडतो. उद्याच्या पिठामिठाची चिंता कोणास पडते? दारी आलेल्यास आत बोलावणारा बोलावतो. चुलीपुढे कोण बसते? नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे ताटातूट सोसलेल्या, लग्नानंतर अक्षर ओळखावयास शिकलेल्या या बाईने हे सारे सोसले आणि वर हसत हसत सांगितले. १९०० साली तिने स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी अर्धवट टाकलेले 'ख्रिस्तायन' तिनेच पुरे केले. नवऱ्यामागे तीही कीर्तने करीत असे. दानशूरांच्या याद्या करताना आपण त्यांच्या बायकांच्या याद्या करीत नाही. त्या करावयाच्या ठरविल्या तर कागद कमी पडेल असा माझा अंदाज आहे.

असो. ख्रिस्ती मंडळीत सर्व देणे निर्मळच असते असे सांगून मला त्यांची खुशामत करावयाची नाही. त्यांनाही ती आवडणार नाही. आमच्याकडे नवस, तशी त्यांच्याकडे आंगवण. मूल होऊ दे, मग मेणबत्त्या लावीन; आगबोटीवर नोकरी लागू दे, मग अमुक वाहीन. यात देणे किती आणि सौदा किती हे ज्याचे त्याने पाहावे. गोव्याच्या फेस्तांत वर्षाचा यजमान असतो. गेल्या वर्षीच्या यजमानाहून यंदा दारूकाम अधिक, बँड मोठा, अशी चढाओढ चालते. चर्चमध्ये कोन्फ्रारिया नावाची जुनी मंडळे आहेत. मिरवणुकीत झगे घालून चालण्याचा मान त्यांचा. आणि काही गावांत हा मान ठराविक गावकर कुळांपुरताच राखून ठेवला म्हणून तंटे झाले आहेत. आमच्या जत्रांतील मानपानाची ओळख असणारास यात नवल वाटावयाचे कारण नाही.

परंतु त्याच गोव्यात म्हापशाची मिलाग्र सायबीण आहे. ईस्टरनंतर तिचे फेस्त भरते तेव्हा ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदूही रांगेत उभे राहून तिला तेल वाहतात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण या सात बहिणींपैकी दोघी, अशी लोकसमजूत आहे. बांद्याहून जाणाऱ्यांत मीही एकदोनदा होतो. तेलाच्या बाटलीवर कोणाचे नाव नसते. सर्वांचे तेल एकच होऊन जाते.

नाव नसलेल्या देणगीवरून वेंगुर्ल्याची आठवण होते. वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक रुग्णालय अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभे केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांनी तेथे रुग्णसेवा केली. त्यांचा मुलगा, ज्याचे नावही रॉबर्टच, १९१९ साली वेंगुर्ल्यास जन्मला. तो पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ पासून काही वर्षे भारतातील अमेरिकेचा राजदूत झाला. ही नावे नोंदलेली आहेत. पण अशा रुग्णालयांमागचा पैसा कोठला? अमेरिकेतील गावोगावच्या चर्चमधून रविवारच्या थाळीत पडलेला. त्या थाळीत नाणे टाकणाऱ्या बाईने वेंगुर्ल्याचे नावही ऐकले नसेल. आणि येथे ज्याचा पाय वाचला त्याने तिचे.

आता माझ्या देण्याकडे येतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बांद्याजवळच्या एका खेड्यातील शाळेवर होतो. शाळेचे वासे कुजले होते, आणि वादळात कौले उडाली होती. सरकारी मंजुरी वाटेवर होती. ती वाटेवरच राहिली. पावसाळ्यापूर्वी छप्पर व्हावयास हवे, म्हणून गावातून वर्गणी काढावयाचे आम्ही ठरविले. लोकांस हुरूप यावा म्हणून मी एक युक्ती काढली. व्हरांड्यातील फळ्यावर वर्गणीदारांची नावे सुवाच्य अक्षरात लिहावयाची; जास्त देणारा वर, कमी देणारा खाली. माझे अक्षर चांगले होते. ५०१ रुपये देणाऱ्या एका वजनदार गृहस्थांचे नाव मी रंगीत खडूने लिहिले.

भाजीचा हारा डोक्यावर घेऊन फिरणारी एक ख्रिस्ती म्हातारी होती. सारा गाव तिला मावशी म्हणे. तिचा नातू माझ्या वर्गात तिसरीत होता. ती एका सकाळी शाळेत आली, कमरेची गाठ सोडली, पाच रुपयांची नोट काढून टेबलावर ठेविली आणि नाव लिहू नका म्हणून सांगून निघून गेली. मला ते चमत्कारिक वाटले. हिशेब म्हणजे हिशेब! शिवाय गरिबानेही दिले हे पाहून श्रीमंतांस लाज वाटेल, असाही डाव माझ्या मनात होता. मी तिचे नाव लिहिले. ओघानेच ते सर्वांत खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून मुलांनी तिच्या नातवास 'पाच रुपये' म्हणून हाक मारावयास आरंभ केला. मुलांची जात, त्यांना मीच शब्द पुरविला होता. तिसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही, चौथ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो.

त्या दिवशी सायबीण त्यांच्या घरी आली होती. ही सायबीण म्हणजे मेरीमातेची मूर्ती. ती एकेका घरी एकेक रात्र मुक्काम करीत सारी वाडी फिरते. घर ते कसले, शाकारलेली एक खोली आणि पुढे पडवी. मूर्तीपुढे मेणबत्त्या, अबोलीची फुले. वाडीतील दहापंधरा माणसे गुडघ्यांवर बसली होती, एक जण व्हायोलिन वाजवीत होता, आणि लदीन चालली होती. काही शब्द लॅटिन, काही कोंकणी. मी पडवीत उभा राहिलो. मावशी डोळे मिटून गात होती. तिचा सूर कोठल्याच सुरास मिळत नव्हता. वर्गात एखाद्या मुलाने तसे म्हटले असते तर मी त्यास गप्प बसविले असते. तेथे कोणी वळूनही पाहिले नाही. ती आपले सारे त्या सुरात घालीत होती आणि मला ते पाहवेना, इतकेच सांगतो.

लदीन आटोपल्यावर उकडलेले चणे वाटले गेले. ओंजळीत मलाही मिळाले. मी मुलाविषयी विचारले. ती रागावली नाही. म्हणाली, "मास्तरानु, मिया देवाक दिलंय. तुमी तां फळ्यार लिवलात. आता तां परत माझ्याच नावार इला."

रात्री घरी न जाता मी शाळेत गेलो आणि कंदिलाच्या उजेडात फळा पुसून टाकिला. तिचे एकटीचे नाव नव्हे, सर्वच. मला फार मोठे काही केल्यासारखे वाटले. सकाळी ते वजनदार गृहस्थ आले. त्यांनी रिकामा फळा पाहिला आणि आपले ५०१ रुपये परत मागितले. मी दिले. वास्तविक सुताराला आगाऊ रक्कम देऊन झाली होती, कौलांची गाडी ठरली होती, मे महिना अर्धा सरला होता. माझ्या उदात्तपणाची झळ कोणास लागणार होती? पहिल्या पावसात पाटी डोक्यावर धरून बसणाऱ्या पोरांना.

मग मी घरच्या डब्यातील पैसे काढले. त्यात ५०० रुपयांहून थोडे अधिक होते. छप्पर ७ जूनपूर्वी पुरे झाले. मुलगाही शाळेत येऊ लागला. ते पैसे कोठले हे सांगावयाचे राहिले. आमच्या सौभाग्यवतीने दोन वर्षे सोले सुकवून आणि आगळ काढून विकले होते. झिजलेल्या पाटल्या मोडून नव्या करावयाच्या म्हणून ते साठविले होते. मी तिला विचारले नव्हते. सांगितले, तेही काम झाल्यावर, आणि दाविदाची नव्हे तर विधवेची कथा सांगून. तिने सर्व ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाली, "म्हातारेन आपले पाच दिल्यान. तुमी कोणाचे दिलात?"

पाटल्या पुढे झाल्या, पण सात वर्षांनी.

मावशीला मी एकदा काही देऊ केले होते. एक लुगडे होते. तिने ते घेतले, माझ्या देखत उलगडून पाहिले, छान आहे म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात ते तिच्या शेजारणीच्या अंगावर दिसले. ती वारून आता पुष्कळ वर्षे झाली. नातवाची पावाची भट्टी आहे. त्याची मुले कॉलेजात शिकतात. दर नाताळास त्याच्याकडून केकचा एक तुकडा आणि चार नेवऱ्या आमच्याकडे येतात, आणि ताट रिकामे परत करू नये म्हणून सौभाग्यवती त्यात काहीतरी घालते. यंदा आपणच त्याच्या घरी जावे असे माझ्या मनात आहे. आमच्या गावच्या वाचनालयाची इमारत नव्याने बांधावयाची आहे आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावावी की लावू नये यावर माझे मत मागितले गेले आहे. त्याविषयी त्याच्याशी बोलावे म्हणतो. तो व्यापारी माणूस आहे. पाटी लावा म्हणेल, असाही संभव आहे. जाताना सोबत काय न्यावे हे मात्र मी अद्याप ठरविलेले नाही. यावेळी घरात विचारून ठरवीन.